हिमातील तहान : गोठलेल्या प्रदेशांतील पिण्याच्या पाण्याचा एक अल्पेतिहास

१. विषयप्रवेश

मराठीत तूप थिजते, रक्त गोठते, दूध विरजते. पाणी गोठण्याचा अनुभव मात्र मराठी माणसाच्या नित्य व्यवहारातला नव्हे. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, तर ती वर्तमानपत्रांची वार्ता होते. या अपरिचयाची खूण भाषेवर उमटलेली आहे. आकाशातून भुरभुरत उतरणारे, जमिनीवर साचून राहिलेले आणि तळ्याच्या पृष्ठावर काचेसारखे धरलेले, या तिन्हींस आपण बोलताना 'बर्फ' हा एकच शब्द लावतो, आणि तोही फारसीतून आलेला. प्रस्तुत लेखापुरता एक संकेत पाळला आहे. पडणाऱ्या वा साचलेल्या भुसभुशीत द्रव्यास 'हिम' आणि घट्ट, सलग द्रव्यास 'बर्फ' म्हटले आहे.

लेखाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. हिवाळ्यात वा ध्रुवीय प्रदेशात तंबू ठोकून राहणाऱ्या माणसाने पिण्याचे पाणी मिळवले कसे आणि मिळाल्यावर ते गोठू दिले नाही कसे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. ध्रुवीय प्रवासाच्या इतिहासग्रंथांत धैर्य, नेतृत्व, अक्षांश आणि ध्वज यांना मोठे स्थान असते. पाण्याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. परंतु मूळ वृत्तांत वाचू लागल्यास ध्यानी येते, की मुक्कामी पोहोचलेल्या माणसांचे बरेचसे तास हिम वितळवण्यात जात, आणि मोहिमांचे यशापयश पुष्कळदा त्या तासांत ठरे. हिम म्हणजे पाणी नव्हे. हिमाचे पाणी करण्यासाठी किंमत मोजावी लागते आणि ती किंमत म्हणजे इंधन. हे साधे सत्य काही समाजांच्या भाषेत आणि गृहव्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. इतरांना ते उशिरा आणि महागात शिकावे लागले. या शिकण्याचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उष्णतेचा हिशेब

प्रथम थोडे पदार्थविज्ञान पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. बर्फ वितळत असताना उष्णता घेते, पण त्याचे तापमान वाढत नाही, ही गोष्ट जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ग्लासगो येथे प्रयोगाने दाखवली. या उष्णतेस 'अप्रकट उष्णता' म्हणतात. एक किलोग्रॅम बर्फाचे शून्य अंशावरच पाणी करावयास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. बर्फ मुळातच उणे ४० अंश सेल्सिअसवर असेल, तर त्यास शून्यापर्यंत आणावयास आणखी २० लागतात. म्हणजे एक लिटर बर्फगार पाणी हाती येण्यापूर्वीच १०० किलोकॅलरी खर्च झालेल्या असतात; आणि तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत नेण्यास पुन्हा तेवढ्याच लागतात. आपल्या स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवताना जेवढी उष्णता लागते, तिच्या दुपटीहून अधिक उष्णता ध्रुवीय तंबूतील चहास लागते.

हिम थेट खाल्ले तर काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहज येईल. हिशेब तोच आहे. उणे ४० अंशांवरील एक किलोग्रॅम हिम देहाच्या तापमानास आणण्यासाठी सुमारे १३७ किलोकॅलरी पडतात, आणि त्या चुलीऐवजी माणसाच्या शरीरातून जातात. तितकेच बर्फगार पाणी प्यायल्यास केवळ ३७ लागतात. दमून घामेजलेल्या, अर्धपोटी माणसाच्या देहातून ही उष्णता काढून घेणे म्हणजे आधीच विझू लागलेल्या चुलीतली लाकडे ओढण्यासारखे आहे. शिवाय अतिथंड हिमाने ओठ व जीभ सोलवटून निघतात. भुसभुशीत नव्या हिमात हवाच अधिक असते. दहा भांडी हिम वितळवावे तेव्हा कोठे एक भांडे पाणी होते. म्हणून तहान भागेल इतके हिम तोंडाने खाणे व्यवहारतः अशक्यच असते.

३. दिवा आणि देह

हा हिशेब अंकांत न मांडता आचारात मांडणारे लोक म्हणजे उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील आणि ग्रीनलंडमधील इनुइट. जुन्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख 'एस्किमो' असा येतो. तो शब्द आता त्यांच्यापैकी बहुतेकांना मान्य नाही. वृक्षहीन प्रदेशात त्यांच्या घरातील उष्णतेचे साधन म्हणजे मऊ दगडात कोरलेला अर्धचंद्राकृती दिवा. त्यास 'कुल्लिक' म्हणतात. सीलची चरबी हे त्याचे तेल आणि शेवाळ किंवा रानकापूस ही त्याची वात. दिव्याच्या सरळ कडेशी वात पसरून ज्योत सारखी, धूर न होता ठेवणे हे कौशल्याचे काम असून ते स्त्रियांकडे असे. या एका दिव्यावर उजेड, ऊब, स्वयंपाक, ओले कपडे वाळवणे आणि पाणी ही पाच कामे होत. दिव्याजवळ ठेवलेला हिमाचा तुकडा सावकाश वितळून खालच्या भांड्यात ठिबकत राही. पाण्यासाठी वेगळा जाळ करण्याची गरज पडत नसे. घर उबदार ठेवण्याच्या क्रियेतच पाण्याची सोय होऊन जाई.

प्रवासात दिवा नसे तेव्हा देह हाच दिवा होई. शिकारी सीलच्या कातड्याची वा आतड्याची लहान पिशवी अंगरख्याच्या आत, शरीरालगत बाळगत. घोटभर पाणी प्यायल्यावर तेवढेच हिम पिशवीत भरले जाई. आत उरलेल्या पाण्यात ते विरघळे आणि देहाच्या उबेने पुन्हा पाणी होई. येथे आपल्या घरातील विरजणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधास दही करतो. त्याप्रमाणे तळाशी राखलेले थोडे पाणी नव्या हिमाचे पाणी होण्यास साहाय्य करते. आजही भांड्यात हिम वितळवताना तळाशी थोडे पाणी राखावे असे प्रवाशांना आवर्जून शिकवले जाते. कोरडे हिम तापल्या भांड्यात टाकल्यास वितळलेला अंश वरचे हिम शोषून घेते, तळ कोरडा पडतो, भांडे करपते आणि पाण्याला जळकट चव येते. शिवाय शक्य तेथे मुक्काम गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ करून, बर्फाचा जाड थर छिन्नीसारख्या लांब हत्याराने फोडून खालचे पाणी काढण्याचा प्रघात होता. तळ्यावरील बर्फ हे खालच्या पाण्याचे पांघरूणच असते. जे पाणी गोठलेच नाही ते वितळवावे लागत नाही, हा त्यातला मर्म.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की हे ज्ञान शब्दसंग्रहात स्पष्ट दिसते. या भाषेत 'इमिक्' म्हणजे पिण्याजोगे गोडे पाणी, आणि 'पिणे' या क्रियेचे अंगही तेच आहे. समुद्रावरील बर्फ 'सिकू', तर गोड्या पाण्याचे, पिण्यासाठी आणावयाचे बर्फ 'निलाक'. कॅनडातील नुनाविक भागाच्या बोलीत पाणी करण्यासाठी घ्यावयाच्या हिमास 'आनिउक' असा स्वतंत्र शब्द आहे.

एस्किमो भाषांत हिमाला शेकडो शब्द असल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे; तिच्या पुनरावृत्तीचा येथे हेतू नाही. फ्रान्झ बोआस याने १९११ साली अमेरिकन इंडियन भाषांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत हिमाविषयी चारच शब्द दिले होते. जमिनीवरील हिम, पडते हिम, वाऱ्याने उडणारे हिम आणि साचलेला ढीग यांना वेगवेगळ्या धातूंपासून बनलेले शब्द आहेत, एवढेच त्याला दाखवावयाचे होते. त्याच ठिकाणी त्याने इंग्रजीत पाण्याच्या विविध रूपांना तळे, नदी, पाऊस, दव असे असंबद्ध शब्द असल्याचेही नमूद केले होते. बेंजामिन ली व्होर्फ याच्या १९४० च्या लेखानंतर ही संख्या इतरांच्या लेखणीतून फुगत गेली. लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये या फुगवट्याचा माग काढला आणि जेफ्री पुलम यांनी १९८९ मध्ये त्याची खरपूस थट्टा केली. ती टीका रास्त आहे. परंतु शब्द किती हा वाद मिटवताना शब्द कोणत्या तत्त्वावर पडले आहेत हा प्रश्न मागे राहू नये. 'निलाक' आणि 'आनिउक' हे शब्द द्रव्याचा उपयोग सांगतात. त्याचे रूप हे तेथे गौण ठरते. आपल्या घरातही 'प्यायचे पाणी' आणि 'वापरायचे पाणी' यांची भांडी वेगळी असतात, 'गोडे', 'मचूळ' आणि 'खारे' हे भेद विहिरीच्या काठीच शिकवले जातात, आणि 'सांडपाणी' हा शब्द तर द्रव्याहून त्याच्या गतीचेच वर्णन करतो. पाण्याची टंचाई जेथे आहे तेथे भाषा पाण्याचे वर्गीकरण उपयोगाने करते. इनुइट प्रदेशात टंचाई गोठण्यामुळे होती, एवढाच फरक.

४. जहाजावरून तंबूत

युरोपीय दर्यावर्दींना गोठलेल्या पाण्याची ओळख प्रथम जहाजावरून झाली, आणि ती ओळख फसवी ठरली. जेम्स कुक दुसऱ्या सफरीत दक्षिण महासागरात असताना जानेवारी १७७३ मध्ये त्याच्या खलाशांनी समुद्रात तरंगणारे बर्फाचे तुकडे वर घेतले आणि ते वितळवून सुमारे १५ टन गोडे पाणी मिळवले. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोड्या पाण्याचा असा साठा मिळाल्याचा आनंद समजण्यासारखा आहे. परंतु जहाजावर मोठे हंडे होते आणि इंधनाचा भार जहाज वाहत होते. घसरगाडी स्वतः ओढणाऱ्या माणसाची स्थिती निराळी असते. त्याच्या गाडीवरील प्रत्येक शेर इंधन हे एक शेर अन्नाच्या जागी येते.

विल्यम एडवर्ड पॅरी १८२७ साली स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस घसरत्या नावा घेऊन ध्रुवाकडे निघाला आणि ८२ अंश ४५ कलांपर्यंत पोहोचला. त्याच्याजवळ इंधन म्हणून केवळ मद्यार्क होता, आणि सात वातींच्या उथळ लोखंडी दिव्यावर कोको शिजवला जाई. प्रवास उन्हाळ्याचा असल्याने बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी मिळत, त्यामुळे प्रश्नाची धार जाणवली नाही. ती एलिशा केंट केन या अमेरिकन प्रवाशाच्या पथकास १८५४ च्या वसंतारंभी जाणवली. हिमात अडकलेल्या सोबत्यांना सोडवून आणताना तहानेने व्याकूळ झालेल्या माणसांनी हिम तोंडात घेतले, तेव्हा ते डाग दिल्यासारखे भाजले आणि ओठजिभांतून रक्त आले, असे त्याने नोंदले आहे. भोवती पसरलेल्या अमाप गोठलेल्या पाण्यात माणसे तहानेने कासावीस झाली, ही विसंगती या वृत्तांतात ठळकपणे समोर येते.

फ्रिड्‌त्योफ नान्सेन याने १८८८ साली पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे अंतर्गत हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडले. त्यांच्यासोबत मद्यार्कावर चालणारी शेगडी होती, पण इंधन मोजके होते आणि दिवसभराच्या चालीत तहान भागत नव्हती. तेव्हा त्यांनी चपट्या कुप्यांत हिम भरून त्या छातीशी, कपड्यांच्या आत बाळगल्या आणि देहाच्या उबेने झालेले घोटघोट पाणी प्राशन केले. इनुइट शिकाऱ्याची कातडी पिशवी येथे निराळ्या द्रव्यात प्रकट झाली आहे. हा उपाय अपुरा होता, हे नान्सेनने ओळखले. देहावर पाण्याचा भार टाकण्यापेक्षा शेगडीतून वाया जाणारी उष्णता वाचवली पाहिजे, हा पुढच्या मोहिमेचा धडा त्याने येथेच घेतला असावा.

५. घासलेटाचा स्टो

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास स्टॉकहोम येथे दाबाच्या वाफेवर जळणारा, वात नसलेला घासलेटाचा स्टो बनवला; तोच 'प्राइमस'. या यंत्राची ओळख मराठी वाचकास करून देण्याची गरज नाही. गिरणगावातील चाळींपासून कोकणातील वाड्यांपर्यंत असंख्य घरांत पंपाच्या स्टोने गेल्या शतकात पिढ्या पोसल्या. वाटीत स्पिरिट ओतून काकडा पेटवणे, डोके तापल्यावर हवा भरणे, भोक बुजले की पिन मारणे, हा विधी ज्याने केला आहे, त्यास ध्रुवीय तंबूतील संध्याकाळ डोळ्यांपुढे आणणे अवघड जाऊ नये. दोन्हीकडे यंत्र एकच. फरक इतकाच, की तंबूत पिन मारणारी बोटे बधिर झालेली असत.

नान्सेनने 'फ्राम' जहाजावरील १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत हा स्टो नेला आणि त्यावर बसणारे एक भांडे योजले. मध्ये शिजवण्याचे पातेले, त्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे, वर आणखी एक, आणि या सर्वांवर झाकण. ज्योतीची उष्णता मधल्या पातेल्यास लागून बाहेर पडताना बाजूच्या आणि वरच्या भांड्यांतील हिम वितळवीत जाई. नान्सेनच्या मते नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता अशा रीतीने कामी लागे. १४ मार्च १८९५ रोजी तो योहान्सेनसह जहाज सोडून ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे ४ गॅलन घासलेट होते. ते दोघांस सुमारे १२० दिवस पुरले, रोज दोन वेळचे गरम जेवण आणि भरपूर पाणी मिळाले, असे तो सांगतो.

हे विधान आपण वरच्या हिशेबावर पडताळून पाहू शकतो. चार गॅलन म्हणजे सुमारे १८ लिटर. १२० दिवसांत दररोज १५० मिलिलिटर, वजनाने सुमारे १२० ग्रॅम. एका ग्रॅम घासलेटातून साधारण १० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे दिवसाला सुमारे १२०० किलोकॅलरी, आणि त्यांत उणे ४० अंशांवरील हिमापासून पाच-सहा लिटर पाणी उकळीपर्यंत येऊ शकते. दोन माणसांस तेवढे पुरे होते. म्हणजे नान्सेनचे कथन अतिशयोक्त नाही. मात्र भांड्याची रचना सामान्य असती, तर तेच तेल कदाचित निम्म्या दिवसांत संपले असते. ध्रुवीय प्रवासाच्या इतिहासात हे ॲल्युमिनियमचे भांडे कोणत्याही जहाजाइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे.

या कथेस एक अर्थपूर्ण उत्तरार्ध आहे. १८९५-९६ चा हिवाळा नान्सेन व योहान्सेन यांना फ्रान्झ जोसेफ लँडमधील दगडमातीच्या खोपटात काढावा लागला. तेव्हा त्यांनी गाडीच्या पट्ट्यांवरील जर्मन सिल्व्हरचे पत्रे वाकवून दिवे केले, औषधपेटीतील पट्ट्यांच्या वाती केल्या आणि चरबी जाळली. त्या काळातील सर्वांत प्रगत शेगडी वापरणारा प्रवासी अखेर कुल्लिकच्या तत्त्वाकडे परतला.

६. चामडी वायसर

इंधन हेच पाणी, हे समीकरण १९१२ साली अत्यंत दारुण रीतीने सिद्ध झाले. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि २५ जानेवारी १९१२ रोजी तळावर सुखरूप परतला. रॉबर्ट फाल्कन स्कॉट आपल्या चार सोबत्यांसह १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचला. परतीच्या वाटेवर पाचही जणांस मृत्यू आला. या दोन मोहिमांची तुलना कुत्रे, घोडे, आहार, हवामान अशा अनेक अंगांनी झाली आहे. येथे एकाच अंगाचा विचार कर्तव्य आहे.

दोघांकडेही प्राइमस स्टो होते आणि दोघांनीही वाटेवर साठे करून ठेवले होते. आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात वायव्य मार्गाच्या मोहिमेत नेट्सिलिक इनुइटांच्या सान्निध्यात दोन हिवाळे राहिला होता. थंडीत घासलेट डब्यांच्या फटींतून झिरपून जाते हा अनुभव त्याच्या गाठी होता, आणि ध्रुवाच्या मोहिमेत त्याने डब्यांची तोंडे डाख देऊन बंद केली होती. स्कॉटच्या डब्यांच्या बुचांना चामडी वायसर होते. ज्याने पंपाचा स्टो वापरला आहे, त्याला चामडी वायसरचा स्वभाव ठाऊक असतो. ते सुकले की आकसते, आणि मग पंप दाब धरीत नाही. त्यास तेलाचे बोट लावावे लागते. महिनोन्‌महिने थंडीत आणि उन्हात पडून राहिलेल्या डब्यांतून तेल असेच हळूहळू निघून गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

स्कॉटच्या रोजनिशीत हा तुटवडा पायरीपायरीने दिसतो. २४ फेब्रुवारीस एका साठ्यावर तेल कमी आढळले. २ मार्चला पुढच्या साठ्यावर पुन्हा कमी. त्यानंतर आठवड्याभराने आणखी एका साठ्यावर सर्वच बाबतींत ओढ. तेल कमी म्हणजे केवळ ऊब कमी असे नव्हे. तेल कमी म्हणजे प्यावयास पाणी कमी, आणि सुके पेमिकन व बिस्किटे पचवण्यासाठीही पाणीच लागते. २१ मार्चच्या सुमारास उरलेले तिघे मोठ्या साठ्यापासून ११ मैलांवर वादळात अडकले. २९ मार्चच्या अखेरच्या नोंदीत स्कॉट मागे वळून सांगतो, की २० तारखेस त्यांच्याजवळ प्रत्येकी दोन पेले चहा होईल एवढे इंधन आणि जेमतेम दोन दिवसांचे अन्न होते. अन्नाच्या हिशेबाच्या आधी त्याने इंधनाचा हिशेब लिहिला आणि तो चहाच्या पेल्यांत लिहिला, ही गोष्ट वाचताना मन थबकते. आपण मरत आहोत हे जाणणारा तो माणूस इंधन कशात मोजावयाचे हे अचूक शिकला होता. त्यांचे देह १२ नोव्हेंबर १९१२ रोजी सापडले.

तेलाच्या तुटवड्यानेच ते मेले, असे म्हणणे योग्य होणार नाही. थकवा, अपुरा आहार, हिमदंश आणि वादळ ही सर्व कारणे एकवटली होती. परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहता त्या मोहिमेतील एक दुवा बोटाएवढ्या चामड्याच्या चकतीत तुटला, हे नाकारता येत नाही.

७. मिळवलेले पाणी राखणे

येथवर पाणी मिळवण्याचा विचार झाला. मिळालेले पाणी रात्रभर पाणीच राहावे, हा प्रश्नाचा दुसरा भाग. या बाबतीत तीन उपाय परंपरेने आणि शास्त्राने मान्य केलेले दिसतात.

पहिला उपाय देहाचा. पाण्याची बाटली झोपण्याच्या पिशवीत सोबत घ्यावयाची. निजताना पाणी गरम भरले, तर तीच बाटली पायांशी शेकही देते.

दुसरा उपाय हिमाचा. हिमात अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. म्हणून झाकण घट्ट लावलेले भांडे हातभर हिमाखाली पुरून ठेवल्यास बाहेरच्या कडाक्यातही ते सकाळी पुष्कळदा द्रवच मिळते. पाण्याचा एक विलक्षण गुणही येथे उपयोगी पडतो. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. त्याहून थंड पाणी वर येते आणि बर्फ प्रथम पृष्ठावर धरते. म्हणून अनुभवी प्रवासी बाटली उलटी ठेवतात. बर्फ धरलेच तर बुडाकडे धरते आणि तोंड मोकळे राहते. तळ्यावरचे बर्फ फोडून खालचे पाणी काढणाऱ्या इनुइटाच्या आणि बाटली उपडी ठेवणाऱ्या आजच्या गिर्यारोहकाच्या कृतीमागे निसर्गनियम एकच आहे.

तिसरा उपाय निर्वात भांड्याचा. जेम्स ड्यूअर याने १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे निर्वात पात्र प्रयोगशाळेसाठी बनवले. १९०४ पासून जर्मनीत 'थर्मास' या नावाने ते बाजारात आले. मात्र थर्मास उष्णता निर्माण करीत नाही. ती जाण्याचा वेग मंद करतो. थर्मासात भरावयाचे गरम पाणी शेवटी स्टोवरूनच यावे लागते.

हाच धडा ध्रुवांपासून दूर, परंतु तितक्याच गोठलेल्या हिमालयाच्या उंचीवर पुन्हा शिकावा लागला. २७ मे १९५२ च्या रात्री स्विस मोहिमेतील रेमंड लाम्बेर आणि तेन्झिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टवर सुमारे ८,४०० मीटर उंचीवर, स्टोविना आणि झोपण्याच्या पिशवीविना रात्र काढली. एका मेणबत्तीवर डबा धरून त्यांनी थोडे बर्फ वितळवले. तेवढेच त्यांचे पाणी. दुसऱ्या दिवशी सुमारे ८,६०० मीटरांवरून त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी चो ओयूवरील ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी आरोहकांचे निरीक्षण केले. उंचावरील विरळ व कोरड्या हवेत जलद श्वासाबरोबर शरीरातील पाणी मोठ्या प्रमाणात निघून जाते, आणि आरोहकाने दिवसाला सुमारे तीन लिटर वा अधिक द्रव घेतलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी स्टो आणि इंधन यांची व्यवस्था १९५३ च्या मोहिमेत काटेकोरपणे केली गेली. २८ मे १९५३ च्या रात्री, सुमारे ८,५०० मीटरांवरील शेवटच्या छावणीत तेन्झिंग आणि एडमंड हिलरी यांनी स्टोवर बर्फ वितळवून साखर घातलेले लिंबाचे सरबत भरपूर घेतले. आदल्या वर्षी मेणबत्तीवर डबा धरणारा तेन्झिंग या खेपेस स्टोजवळ बसला होता. या दोन रात्रींतील अंतर प्राणवायूच्या नळकांड्यांइतकेच पाण्याचेही आहे.

८. उपसंहार

भारताचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध गोव्यातून जुळतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे उतरली. त्यानंतर उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र हिमाच्या थरावर होते. तेथे पाणी म्हणजे वितळवलेले हिम, आणि पुढे ते केंद्र स्वतःच हिमाखाली गाडले जाऊन १९९० मध्ये बंद झाले. १९८९ पासून कार्यरत झालेले 'मैत्री' केंद्र उघड्या खडकावर, प्रियदर्शिनी या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी बांधले गेले. तळ्याचे पृष्ठ हिवाळ्यात गोठते, खालचे पाणी उरते. मुक्काम तळ्याकाठी करावा, हा इनुइटांचा जुना दंडक येथे शास्त्रीय केंद्राच्या जागेच्या निवडीत पुन्हा आढळतो. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज गोव्यात वास्को येथेच आहे.

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की गोठलेल्या प्रदेशात पाणी ही वस्तू नसून कृती आहे. तिचे मोल इंधनात होते, आणि ज्या मोहिमांनी पाण्याचा हिशेब तेलाच्या हिशेबातच धरला, त्या टिकल्या. दुसरा निष्कर्ष भाषेच्या अंगाने निघतो. हे ज्ञान प्रथम ज्यांच्याजवळ होते, त्यांनी ते ग्रंथांत लिहिले नाही. ते दिव्याची वात सारखी करणाऱ्या स्त्रियांच्या हातांत आणि 'निलाक', 'आनिउक' यांसारख्या शब्दांत राहिले. युरोपीय प्रवाशांनी तेच ज्ञान स्वतंत्रपणे, बोटे आणि माणसे गमावून पुन्हा मिळवले. त्यांच्या वृत्तांतांत त्या स्त्रियांची नावे क्वचितच येतात.

कुल्लिक आता इनुइट घरांतून रोजच्या वापरात उरलेला नाही. समारंभप्रसंगी तो आदराने पेटवला जातो. आपल्याकडील पंपाचा स्टोही गॅसच्या शेगडीपुढे माळ्यावर गेला, आणि 'काकडा', 'पिन मारणे', 'वायसर' हे शब्द त्याच्यामागोमाग चालले आहेत. साधन गेले की शब्द जातो आणि शब्दाबरोबर त्यातील हिशेबही जातो. अशा शब्दांची नोंद साधनांच्या उपयोगासह करून ठेवणे, हे शब्दकोशकाराचे जेवढे काम आहे तेवढेच इतिहासकाराचेही आहे.